थैलीची गाठ

गेल्या महिन्यात एका रविवारी बेळगावास ताईच्या घरी जाण्याचा योग आला. मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो, न्याहारी झाली, आणि चहाचे कप अजून टेबलावर असतानाच माझ्या दोन्ही भाच्यांची जुंपली. वाद कशाचा, तर लंडनमधील आर्सेनल नावाच्या फुटबॉल क्लबाचा. दोघांपैकी एकानेही लंडन पाहिलेले नाही. ज्या गृहस्थांवरून ते भांडत होते, त्या आर्सेन वेंगर ह्यांनी तर तो क्लब २०१८ सालीच सोडला. तथापि आवेश असा, की जणू त्यांना ठेवावयाचे की काढावयाचे ह्याचा निर्णय त्याच दुपारी ताईच्या घरात व्हावयाचा होता.

"दादा, ज्या माणसाने बावीस वर्षे क्लब सांभाळला, त्याला तुझ्यासारख्यांनी हाकलून दिले!" धाकटा म्हणाला.

"सांभाळला हे कोण नाकारतो?" थोरला उसळून म्हणाला. "पण तिजोरीत पैसा पडून आणि नऊ वर्षांत एक चषक नाही, ह्याचा जाब कुणी विचारायचाच नाही का?"

मग दोघेही माझ्याकडे वळले. "मामा, तुम्हीच सांगा."

फुटबॉलचे वेड आमच्या भागाला नवे नाही. शेजारच्या गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या आयरिश धर्मगुरूंनी आणला असे मानतात. तेव्हा मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. परंतु त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, हेही खरे. मागाहून मी ह्या प्रकरणाची हकीकत नीट समजून घेतली, आणि ती मुलांपेक्षा आम्हा थोरांनाच अधिक विचार करावयास लावणारी आहे असे दिसले. म्हणून आज ती वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील मोठ्या क्लबाचा मॅनेजर हा नुसता शिक्षक नसे. कोणास खेळवावे, कोणास विकत घ्यावे, कोणास विकावे, मुलांनी जेवावे काय आणि झोपावे किती, ह्या साऱ्यांत त्याचा शब्द चाले. वेंगर तर ह्या जुन्या परंपरेतले शेवटचेच म्हणावयाचे. त्यामुळे त्यांच्याविषयीचा वाद हा एकाच वेळी पद्धतीचाही होता आणि पैशाचाही.

वेंगर ह्यांचा जन्म १९४९ सालचा, फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील स्ट्रासबुर्ग शहरी. बालपण जवळच्या डुटलेनहाइम ह्या खेड्यात गेले. तेथे त्यांच्या आईवडिलांची 'सोनेरी क्रूस' अशा अर्थाच्या नावाची खानावळ होती, आणि गावच्या फुटबॉल क्लबाची बैठक त्याच खानावळीत भरे. मद्याचे पेले समोर ठेवून शेतकरी आणि कामगार तावातावाने बोलत, कोणी चुकले, कोणी खेळावे, कोणाला वगळावे. आणि हा मुलगा कोपऱ्यात बसून ऐके. म्हणजे चाहत्यांची वादावादी त्यांनी बाळपणापासून ऐकली होती. पुढे ती आपल्याच नावाने होईल, हे मात्र त्या मुलाला कोठून ठाऊक असणार?

स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली. पुढे फ्रान्समध्ये मोनाको संघाला त्यांनी १९८८ साली लीग जिंकून दिली, जपानमध्येही काही काळ काम केले, आणि १९९६ च्या ऑक्टोबरात ते आर्सेनलमध्ये रुजू झाले. लंडनच्या वृत्तपत्रांनी तेव्हा, हा कोण बुवा, असाच प्रश्न केला होता. चष्मा लावणारा, सडपातळ, मास्तरासारखा दिसणारा हा परदेशी माणूस इंग्लिश खेळाडूंना काय शिकविणार, अशी शंका खेळाडूंनाही होती.

त्यांनी आरंभ स्वयंपाकघरापासून केला. तळलेले मांस आणि मिठाई गेली. उकडलेले मासे आणि भाज्या आल्या. घास सावकाश चावावा, सामन्यापूर्वी अंग ताणून मोकळे करावे, मद्य टाळावे, असे नियम आले. पहिल्याच सामन्याच्या प्रवासात गाडीच्या मागच्या बाकांवरून खेळाडूंनी आमची चॉकलेटे परत द्या असा गलका केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु फळ दिसावयास वेळ लागला नाही. बचावफळीतील टोनी ॲडम्स, ली डिक्सन ह्यांच्यासारखे तिशी ओलांडलेले खेळाडू, ज्यांचे दिवस भरत आले असे लोक म्हणत, ते २००२ पर्यंत खेळले. १९९८ साली लीग आणि एफ. ए. कप अशी दोन्ही पारितोषिके आर्सेनलने एकाच हंगामात मिळविली. ब्रिटिश बेटांबाहेरून आलेल्या मॅनेजरने इंग्लंडची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. २००२ साली तोच पराक्रम पुन्हा झाला. २००३-०४ च्या हंगामात तर लीगच्या ३८ सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. २६ जिंकले, १२ बरोबरीत सुटले. असे पूर्वी एकदाच घडले होते, १८८८-८९ साली, आणि तेव्हा सामने होते अवघे २२.

त्यांच्या स्वभावाची एक आठवण येथे नोंदविण्याजोगी आहे. १९९९ च्या फेब्रुवारीत शेफील्ड युनायटेडविरुद्धच्या कपाच्या सामन्यात प्रतिपक्षाने आपला जखमी खेळाडू पाहून चेंडू मुद्दाम बाहेर मारला. अशा वेळी चेंडू परत द्यावयाचा हा रिवाज. नव्यानेच आलेल्या एका खेळाडूच्या ध्यानात तो आला नाही, आणि आर्सेनलचा विजयी गोल झाला. नियमाने गोल खरा होता. तरी सामना संपताच वेंगर ह्यांनी तो पुन्हा खेळण्याची तयारी दाखविली. सामना पुन्हा झाला, आणि आर्सेनलने तोही जिंकला.

आता पैशाची गोष्ट. निकोला आनेल्का ह्या पोरसवदा खेळाडूला त्यांनी १९९७ साली ५ लाख पौंडांस घेतले आणि १९९९ साली स्पेनमधील रेआल माद्रिद क्लबास २ कोटी २० लाखांहून अधिक पौंडांस विकले. त्याच वर्षी सुमारे १ कोटी १० लाखांत तिएरी हेन्री आला, जो पुढे क्लबाच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्याच वर्षी क्लबाचे नवे सरावकेंद्रही उभे राहिले. स्वस्तात घ्यावे, घडवावे, आणि उरलेल्या पैशातून घर सुधारावे, ही त्यांची रीत. त्या काळात एकाही चाहत्याने तिला चिकटपणा म्हटले नाही. तिला दूरदृष्टी म्हणत. यश पदरात असले की काटकसरीलाही लोक चांगलेच नाव देतात!

पुढे घराचा प्रश्न आला. हायबरी हे आर्सेनलचे मैदान १९१३ पासूनचे. चाहत्यांचा जीव त्यावर जडलेला. परंतु तेथे जेमतेम ३८ हजार लोक मावत. मँचेस्टर युनायटेडसारख्या क्लबाशी उत्पन्नात बरोबरी करावयाची तर मोठे मैदान हवे होते. म्हणून जवळच, काही शे यार्डांवर, ६० हजार आसनांचे नवे क्रीडागार बांधण्यात आले. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड. २००६ च्या जुलैत ते खुले झाले. जुन्या हायबरीच्या जागी सहाशेहून अधिक सदनिका झाल्या. हिरवळ होती तेथे बाग आली.

एवढा पैसा कर्जानेच उभा राहावयाचा. बँकांनी कर्ज देताना एक अट अशी घातली की वेंगर ह्यांनी आणखी पाच वर्षे राहण्याचा करार करावा. हे त्यांनी स्वतःच पुष्कळ काळाने सांगितले. म्हणजे विटा आणि लोखंड ह्यांच्याबरोबर हा माणूसही तारणात होता! शिवाय रोख रक्कम लवकर हाती यावी म्हणून सदऱ्यावरील नाव आणि मैदानाचे नाव ह्यांचे हक्क क्लबाने २००४ सालीच दीर्घ मुदतीने विकून टाकले होते. पुढे जाहिरातीचे भाव कितीतरी चढले. आर्सेनलला मात्र जुन्याच दरावर राहावे लागले. भरीस भर म्हणजे २००८ साली घरांचा बाजार कोसळला, आणि हायबरीच्या सदनिकांवरील कर्ज २०१० मध्ये फिटले.

ह्याच सुमारास जग बदलले. २००३ साली रोमान अब्रामोविच ह्या रशियन धनिकाने चेल्सी क्लब घेतला. २००८ साली अबू धाबीच्या राजघराण्यातील मालकाने मँचेस्टर सिटी घेतला. आता काही क्लब आपल्या मिळकतीतून खर्च करीत, तर काही मालकाच्या खजिन्यातून. आर्सेनल घडवी आणि इतर उचलून नेत. हेन्री २००७ साली बार्सिलोनास गेला, सेस्क फाब्रेगास २०११ साली तेथेच. २०१२ साली संघनायक रॉबिन व्हान पेर्सी सुमारे २ कोटी ४० लाखांस मँचेस्टर युनायटेडला विकला गेला; तो तेथे जाऊन पहिल्याच हंगामात विजेता झाला. ज्याच्या नावाचा सदरा मुलाला नाताळास घेऊन द्यावा, तो उन्हाळ्यात दुसऱ्याचा झालेला असे. चाहत्यांच्या दुःखाचे हे एक कारण, आणि ते क्षुल्लक नव्हते.

आता दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकू.

वेंगर ह्यांच्या बाजूचे म्हणत: मैदानाचे कर्ज फेडत असताना हा माणूस संघाला दरवर्षी पहिल्या चारांत ठेवतो. १९९७ पासून २०१६ पर्यंत असे सलग वीस हंगाम झाले. पहिल्या चारांत राहिल्याने युरोपच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची दारे उघडी राहतात, आणि तेथील उत्पन्नावरच हप्ते भरले जातात. २००६ साली त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पॅरिस येथे, गोलरक्षकाला बाहेर काढल्यावर दहा खेळाडूंनिशी झुंजून, आर्सेनल बार्सिलोनाकडून २-१ असे हरले. इतके जवळ ह्या क्लबाला पूर्वी कोणी नेले नव्हते. दुसऱ्याच्या तेलाच्या पैशाशी स्पर्धा करून आपण दिवाळखोर व्हावे काय?

विरुद्ध बाजूचे म्हणत: हे सारे खरे, परंतु पैसा आमचा आहे. वर्षभराच्या तिकिटाला आमच्याकडून हजार पौंड घेता, चांगल्या जागेला दोन हजार. इंग्लंडात इतके महाग तिकीट दुसरे नाही. २०१२ च्या अखेरीस १५ कोटी पौंडांचा नवा जाहिरात करार झाला, क्लबाच्या हिशेबात रोख शिल्लक पुढे २० कोटींवर गेली. मग हात आखडता का? २०१३ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझला आर्सेनलने ४ कोटी १ पौंड देऊ केले. करारातील एका कलमासाठी ४ कोटींच्या वर जावयाचे, म्हणून एकच पौंड अधिक! तो आला नाही, सारे हसले. हंगामाचा पहिलाच सामना घरच्या मैदानावर ३-१ असा गमावला, तेव्हा प्रेक्षकांनी पैसे खर्च करा असा घोष केला. त्यानंतर ४ कोटी २५ लाखांस मेसुत ओझिल आला. मग ओरडल्यावाचून थैलीची गाठ सुटतच नाही असे आम्ही समजावे काय?

आणि प्रश्न केवळ खर्चाचा नाही, असेही ते म्हणत. २०११ च्या ऑगस्टात मँचेस्टरला ८-२ असा पराभव झाला, तेव्हा कोठे बाजार बंद होण्याच्या शेवटच्या दिवसांत धावपळ करून खेळाडू घेतले. २०१५ च्या उन्हाळ्यात पेत्र चेक ह्या गोलरक्षकावाचून मुख्य संघासाठी कोणीच घेतले नाही. आणि त्याच हंगामात, जिला आर्सेनलने दोन्ही सामन्यांत हरविले, त्या लेस्टर सिटीने लीग जिंकली. लेस्टर काही धनवंतांचा क्लब नव्हे. तेव्हा धनिकांमुळे आम्ही मागे पडलो ही सबब तरी कशी चालावी? जी आहारपद्धती आणि जो सराव १९९६ साली नवा होता, तो एव्हाना सर्वांनीच उचलला होता. गुरुजींची वही इतर सर्व शिष्यांनी उतरवून घेतली. गुरुजींनी मात्र नवे पान उलटले नाही.

वाचकहो, मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि ह्या प्रकरणातील दुःख नेमके तेथेच आहे. लबाड आणि सज्जन ह्यांचे भांडण सोपे असते. येथे एकीकडे कृतज्ञता होती आणि दुसरीकडे रास्त प्रश्न होता, आणि कित्येकांच्या अंतःकरणात ती दोन्ही एकत्रच नांदत होती.

परंतु वाद फार दिवस चालला की त्याची भाषा बिघडते. २०१४ च्या मे महिन्यात हल सिटीविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही आर्सेनलने ३-२ असा एफ. ए. कप जिंकला, नऊ वर्षांचा उपास सुटला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टोक येथे संघ हरला, तेव्हा रेल्वेच्या फलाटावर आपल्याच चाहत्यांनी पासष्ट वर्षांच्या ह्या माणसाला अपशब्द ऐकविले. २०१७ साली म्युनिकच्या बायर्न संघाने दोन्ही सामन्यांत ५-१ असे धूळ चारली. त्यानंतर १८ मार्च रोजी वेस्ट ब्रॉमविच येथे सामना चालू असताना आकाशात दोन विमाने फिरली. एकामागे फलक होता, नवा करार नको, वेंगर जा; दुसऱ्यामागे, आमचा आर्सेनवर विश्वास आहे. खाली संघ ३-१ असा हरत होता. ज्या क्लबाने पैसे खर्चावेत म्हणून भांडण, त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून भाड्याची विमाने उडवावी! त्याच मे महिन्यात ह्याच संघाने पुन्हा कप जिंकला. वेंगर ह्यांचा तो सातवा. इतके कोणत्याही मॅनेजरने जिंकलेले नाहीत.

तथापि लीगमध्ये संघ पाचवा आला होता, पुढल्या वर्षी सहावा. २०१८ च्या २० एप्रिलला वेंगर ह्यांनी आपण जात असल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी मार्चच्या बर्फात, मँचेस्टर सिटीविरुद्ध, मैदानात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसल्या होत्या; ज्या खुर्च्यांसाठी इतके कर्ज काढले, त्याच! ६ मे रोजी बर्नलीविरुद्ध घरचा शेवटचा सामना झाला. आर्सेनल ५-० असे जिंकले. त्या दिवशी खुर्च्या भरल्या होत्या, आणि हजारोंच्या अंगावर आर्सेन ह्यांचे फ्रेंच भाषेत आभार मानणारे लाल सदरे होते. अजिंक्य हंगामाची सोनेरी ट्रॉफी क्लबाने त्यांनाच भेट दिली. कालपर्यंत जा म्हणणारे कितीतरी जण त्या गर्दीत उभे असतील. ते ढोंगी होते असे मला वाटत नाही. जाताना पाठमोरा दिसल्यावाचून माणूस किती मोठा होता हे आपल्याला कळत नाही, एवढेच.

पुढे काय झाले? थैली सुटली. २०१९ साली ७ कोटी २० लाख पौंडांस निकोला पेपे आला, क्लबाच्या इतिहासातील तेव्हाची सर्वांत मोठी रक्कम; तो फारसा चमकला नाही. संघ आठवा आला, पुन्हा आठवा आला, आणि युरोपच्या स्पर्धांची दारे पाव शतकात प्रथमच बंद झाली. म्हणजे नुसता खर्च हेही औषध नव्हते. पण २०१९ च्या अखेरीस क्लबाने धुरा मिकेल आर्टेटा ह्यांच्या हाती दिली, २०११ च्या त्या शेवटच्या दिवसाच्या धावपळीत वेंगर ह्यांनीच घेतलेला तो खेळाडू. २०२३ साली डेक्लन राइस ह्याच्यासाठी १० कोटी पौंड मोजले, तो खर्च लागू पडला. २०२३, २०२४ आणि २०२५ ह्या तिन्ही वर्षी संघ दुसरा आला. हा पैसा उभा राहण्यात त्या साठ हजार खुर्च्यांचाही वाटा होता. २०२३ च्या जुलैत त्याच मैदानाबाहेर वेंगर ह्यांचा पुतळा बसविण्यात आला.

तेव्हा चूक कोणाची? माझ्या अल्पमतीप्रमाणे काटकसर ही चूक नव्हती. तिच्यावाचून घर उभे राहिले नसते. चुका दोन. गरज सरल्यावरही काटकसर सवय होऊन राहिली. आणि ज्यांच्या खिशातून पैसा येत होता, त्यांना वेळेवर मोकळेपणाने कारण सांगितले गेले नाही. बँकेची अट आधीच कळती, तर कित्येकांनी पोटाला चिमटा हसत घेतला असता. चाहत्यांचीही चूक आहे. प्रश्न विचारणे हा त्यांचा हक्क होता. फलाटावर अपमान करणे हा नव्हता.

असो. हे सारे मी पत्राने भाच्यांना कळविले, आणि परवा पुन्हा बेळगावास गेलो तेव्हा जेवणानंतर त्यावर बोलणे निघाले. आमचे भाऊजी ओसरीवर आरामखुर्चीत पडून ऐकत होते. त्यांनी सतरा वर्षे आखातात नोकरी केली, बँकेचे कर्ज काढून हे घर बांधले. मुले लहान असताना ह्या घरात नवे कपडे वर्षातून एकदाच, नाताळास. सहलीचे पैसे मागितले तर उत्तर नाही असे. कर्ज फिटून आठ वर्षे झाली, तरी रिकाम्या खोलीतील दिवा मालवण्यासाठी ते अजून उठतात.

थोरला म्हणाला, "पप्पा, तुम्ही आम्हांला तेव्हा का नाही सांगितले, हप्ता किती होता ते?"

भाऊजी पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही घाबराल असे वाटले."

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने धाकटा उठला आणि आतल्या खोलीतील दिवा मालवून आला.